नऊ आठवड्यांचं पथ्य

माझे यजमान दयाराम आचारी आहेत. नांदुरा तालुक्यात लग्न असो, तेरवी असो की देवळाचा महाप्रसाद, हजार पानांचा स्वयंपाक म्हटलं की लोक आधी त्यांची तारीख विचारतात आणि मग पत्रिका छापतात. त्यांचं वजन एकशे चार किलो होतं. त्याचं आम्हाला कधी काही वाटलं नाही. "बारीक आचाऱ्याच्या हातचं कोन खाईन?" असं ते म्हणायचे, आणि ऐकणाऱ्याला ते पटायचं.

मी गावच्या अंगणवाडीत सेविका आहे. सोळा वर्षं लेकरांची वजनं करते आहे. एखाद्या लेकराचं वजन महिन्याभरात पाव किलोनं वाढलं तर त्याच्या आईपेक्षा मला जास्त आनंद होतो. वजन उतरलं म्हणजे काहीतरी बिघडलं, एवढंच माझ्या नोकरीनं मला शिकवलं होतं.

तीन-साडेतीन वर्षांपूर्वी माझे डोळे पिवळे झाले. आधी कावीळ समजून गावठी औषध घेतलं, मग खामगावचे डॉक्टर, मग अकोल्याचे आणि शेवटी नागपूर. तिथे कळलं की माझ्याच शरीरानं माझ्या लिव्हरला परकं ठरवलंय आणि कित्येक वर्षं ते आतून पोखरत आलंय. गोळ्यांनी वर्षभर धकलं. मग पोटात पाणी भरायला लागलं. हातापायांच्या काड्या झाल्या आणि पोट सातव्या महिन्यासारखं. काट्यावर उभी राहिले तर वजन वाढलेलं दिसायचं. ते सगळं पाणी होतं. दर पंधरा दिवसांनी नागपूरला जाऊन सुईनं काढावं लागायचं.

फेब्रुवारीच्या शेवटी डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की लिव्हर बदलावं लागेल, आणि पावसाळ्यापलीकडे थांबता येणार नाही. घरातल्या कोणाचं तरी अर्धं लिव्हर मिळालं तर ते माझ्या पोटात वाढतं आणि देणाऱ्याचंही पुन्हा भरून येतं. माझ्या भावाचा रक्तगट जुळला नाही. आमची काजल सतरा वर्षांची. ती "माझं घ्या" म्हणून रडली, पण तिचं वय बसत नव्हतं.

"मायं घ्या," दयाराम म्हणाले. जणू कोणी ताटातली चटणी मागितली होती.

त्यांचा रक्तगट जुळला. बाकीच्या तपासण्याही ठीक निघाल्या. आणि मग लिव्हरचा फोटो आला. त्यांच्या लिव्हरमध्ये सत्तावीस टक्के चरबी होती. डॉक्टर म्हणाले, "असं लिव्हर आम्ही घेऊ शकत नाही. तुमच्याही जिवाला धोका आणि त्यांच्याही. दहा टक्क्यांच्या खाली आणा. वजन नव्वदच्या आसपास आणा. दोन महिने आहेत."

"दोन महिन्यांत चौदा किलो?" मी विचारलं. मला ते खरंच वाटेना. माझ्या अंगणवाडीत चौदा किलोचं म्हणजे चांगलं चार वर्षांचं लेकरू असतं.

डॉक्टरांनी आम्हाला खालच्या मजल्यावर आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. मदिहा तिचं नाव. पंचविशीतली, डोक्यावरून ओढणी घेतलेली, बोलायला झटपट. आमचा पत्ता वाचून म्हणाली, "नांदुऱ्याचे तुम्ही? मी खामगावची." तेवढ्यानंच माझ्या जिवाला थोडं बरं वाटलं.

दयारामांनी मोबाइल पुढे केला. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी शोधून ठेवलं होतं. एक माणूस सांगत होता, कीटो करा, दहा दिवसांत दहा किलो. मदिहानं ते पाहिलं आणि मोबाइल परत दिला.

"काका, मी तुम्हाला साधारण तसंच पथ्य देणार आहे. पण हा माणूस सांगतो तसं नाही. ज्वारी, गहू, तांदूळ, साखर, गूळ, बटाटा, सगळं बंद. धान्य मिळालं नाही की शरीर साठवलेली चरबी जाळायला लागतं, आणि लिव्हरमधली चरबी लवकर जळते. पण दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं, मला रोज फोन करायचा, आणि स्वतःच्या मनानं काहीही करायचं नाही. हे कबूल असेल तरच."

"कबूल," ते म्हणाले.

मग ती आमच्या घरात काय काय मिळतं ते विचारत बसली. वांगी, दोडकी, मेथी, चवळीचा पाला, शेवग्याच्या शेंगा, दही, पनीर, मूठभर शेंगदाणे, मोजून तेल. आणि अंडी, रोज चार. इथे आम्ही दोघं एकमेकांकडे पाहू लागलो. माझ्या सासूबाई, रुखमाबाई (मी त्यांना आत्याबाई म्हणते), माळकरी. आमच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. दयाराम बाहेर खायचे, पण आईच्या चुलीजवळ त्याचं नावही काढायचे नाहीत.

घरी आल्यावर आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाल्या, "सारिके, तू बरी व्हावं असं मलेही वाटते. पन माया एकच लेक हाय. त्याचं चांगलं पोट फाडाचं म्हनते तू?"

मी तसं म्हटलेलं नव्हतं आणि नको असंही म्हटलेलं नव्हतं. माझ्या लेकीचं पोट फाडायचं म्हटलं असतं तर मीही हेच बोलले असते. दयारामच म्हणाले, "माय, ते नाई म्हनून राह्यली. मी म्हनून राह्यलो."

गावातही बोलणं झालंच. बायको नवऱ्याला किडनी देते, लिव्हर देते, हे लोकांनी ऐकलं होतं. उलटं ऐकलं नव्हतं. पारावर कोणीतरी त्यांना म्हणालं, "दुसरी मिळते राजा, पोट दुसरं मिळत नाई." ते घरी येऊन हे मला सांगून हसले, पण त्या माणसाच्या घरच्या बारशाचा स्वयंपाक त्यांनी घेतला नाही.

पथ्य सुरू झालं. अंडी अंगणात, गोठ्याच्या बाजूला तीन दगडांच्या चुलीवर काजल उकडायची. भांडं वेगळं, जागा वेगळी. आत्याबाई तेवढा वेळ देवघरात बसायच्या. पहिले चार दिवस दयारामांचं डोकं ठणकलं, पायात गोळे आले, रात्री चिडचिड. मदिहानं मीठ-पाणी आणि ताक वाढवायला सांगितलं, मग जरा उतार पडला.

रविवारी ते गावातल्या अडत्याकडे धान्याच्या काट्यावर जाऊन उभे राहिले. नव्व्याण्णव किलो दोनशे. एका आठवड्यात जवळजवळ पाच किलो. ते तसेच अर्ध्या गावात सांगत घरी आले. "सारिका, या हिशेबानं त मी महिन्याभरात तयार होतो."

संध्याकाळी मदिहाला फोन लावला. तिला आनंद झाला, पण तिनं लगेच सांगितलं, "काका, यातलं बरंचसं पाणी आहे. धान्य बंद केलं की शरीर साठवलेलं पाणी सोडतं. पहिल्या आठवड्याचा आकडा खरा धरायचा नाही. आता वेग कमी होईल. होणारच आहे. घाबरायचं नाही."

त्यांचा चेहरा पडला. मला मात्र ते लगेच समजलं. पाण्याचं वजन काय असतं हे माझ्याइतकं त्या घरात कोणाला माहीत होतं?

दुसऱ्या आठवड्यात पावणेदोन किलो उतरलं. तिसऱ्यात सव्वा. एप्रिल लागला, लग्नसराई ऐन भरात आली. काम सोडणं शक्य नव्हतं, आणि मदिहानंही चालतं-फिरतं राहायलाच सांगितलं होतं. पण विचार करा, ज्या माणसानं तीस वर्षं कढईतली पहिली बुंदी जिभेवर ठेवून पाक पाहिला, तो आता बुंदीच्या डोंगराशेजारी उभा राहून डब्यातलं पनीर आणि मेथी खायचा. चव पाहायला जोडीदार किसनराव. ते वरणाचा घोट घेऊन सांगायचे, "मीठ जरा कमी हाय," आणि दयाराम अंदाजानं टाकायचे. एकाही लग्नात स्वयंपाकाला नाव ठेवलं गेलं नाही.

अंगावरचे सदरे सैल झाले तसे लोक वेगळंच विचारू लागले. "दयारामले शुगर झाली काय वो?" बायका मला विहिरीवर हळूच विचारायच्या. आमच्याकडे बारीक होणं म्हणजे आजारच. एका घरात दोन आजारी, बिचारी रुखमाबाई, असंही कानावर आलं.

चौथ्या आठवड्यात काटा पंच्याण्णववर आला आणि तिथेच थांबला. पाचव्या रविवारीही पंच्याण्णव. सहाव्या रविवारी पंच्याण्णव आणि शंभर ग्रॅम. अडत्यानं काटा पुसून पुन्हा उभं केलं, तरी तेच. त्या दिवशी ते कोणालाच काही न सांगता घरी आले. माझं पोट त्या आठवड्यात पुन्हा भरलं होतं. मला जिना चढवत नव्हता. ते माझ्या पोटाकडे पाहायचे आणि बाहेर निघून जायचे.

त्यानंतरच्या मंगळवारी भरदुपारी किसनराव त्यांना जीपमध्ये घालून घरी घेऊन आले. निमगावच्या लग्नात पुऱ्या तळताना त्यांना भोवळ आली होती. किसनराव शेजारीच होते म्हणून मागच्या मागे ओढलं, नाहीतर कढईतच गेले असते. डाव्या मनगटावर तेल उडून फोड आले होते, बाकी काही झालं नव्हतं.

"खाल्लं काय होतं?" किसनराव मला विचारत होते.

मी काजलकडे पाहिलं. काजल रडायला लागली. बाबा दोन दिवस काहीच खात नव्हते. अंडी डब्यात घेऊन जायचे आणि वाटेत कुत्र्याला घालायचे. तिला त्यांनी शपथ घातली होती.

मी मदिहाला फोन लावला आणि तो त्यांच्या कानाला लावला. ती चिडली होती. तिचा आवाज मला बाजूला ऐकू येत होता. "काका, उपाशी राहून लिव्हर सुधारत नाही, बिघडतं. काटा थांबला म्हणजे आतलं काम थांबलं असं कोणी सांगितलं तुम्हाला? अंगातलं पाणी कमी-जास्त होतं, त्यात काटा अडकतो. तुमचे रक्ताचे रिपोर्ट पहिल्यापेक्षा चांगले आलेत. मी खोटं बोलेन का तुमच्याशी?"

"नाई बेटा," ते म्हणाले. त्या दिवसापासून मदिहा मॅडमची बेटा झाली.

"मग जेवा. दिलंय तेवढं पूर्ण जेवा."

फोन ठेवल्यावर ते खाटेवर आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मायी चरबी तुया जिवावर उठली, सारिका." एवढी वर्षं संसार केला, पण त्यांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत बसले. मला सांगायचं होतं की हे नाही झालं तरी माझी काही तक्रार नाही, तुम्ही एवढं केलंत हेच माझ्यासाठी पुष्कळ आहे. ते मी बोललेही, पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बाहेर आले, तर गोठ्याजवळच्या चुलीपाशी आत्याबाई बसल्या होत्या. चूल पेटलेली होती. त्यांनी भांड्यातली अंडी गार पाण्यात काढली होती आणि एकेक अंडं दगडावर टिचकवून सोलत होत्या. त्यांना ते जमत नव्हतं. टरफलाबरोबर पांढरं निघून येत होतं. गळ्यातली माळ त्यांनी पदराखाली सरकवून ठेवली होती.

"आत्याबाई, तुम्ही काऊन?" मी म्हटलं. "काजल करते ना."

"काजलले त्यानं फसवलं. मले नाई फसवू शकत तो," त्या म्हणाल्या. "मी समोर बसतो अन् खाऊ घालतो. लहानपनी कसा घालो तसा."

मी माळेकडे पाहिलं हे त्यांच्या लक्षात आलं असावं. अंड्यावरून नजर न उचलता त्या म्हणाल्या, "माळ मायी हाय. पोट त्याचं हाय. देवानं इचारलं त मी पाहून घेईन."

त्यानंतर तीन आठवडे त्या रोज लेकासमोर पाट टाकून बसल्या. चारही अंडी संपल्याशिवाय उठायच्या नाहीत. मग आंघोळ करून देवपूजेला लागायच्या. माझ्याशी याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. पण माझी ताकाची वाटी रोज माझ्या उशाशी ठेवलेली असायची.

सातव्या रविवारी काटा हलला. चौऱ्याण्णव. आठव्याला ब्याण्णव सहाशे. नवव्या आठवड्याच्या शेवटी, नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी, एक्याण्णव. म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्यापेक्षा अजून किलोभर जास्तच. नांदुऱ्याहून गाडीत बसल्यावर ते सारखे पाणी नको म्हणत होते, न जाणो वजन वाढेल म्हणून.

फोटो काढून झाला. आम्ही डॉक्टरांसमोर बसलो. मदिहाही आली होती, दाराशीच उभी होती. डॉक्टरांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "सहा टक्के."

आम्हाला काही कळलं नाही. दयाराम म्हणाले, "साहेब, वजन एक किलो जास्त हाय. आठ दिवस द्या, तेही काढतो."

"वजन राहू द्या. लिव्हरमध्ये सत्तावीस टक्के चरबी होती, आता सहा आहे. आम्हाला हेच हवं होतं."

"काटा दोन हप्ते हललाच नाई ना पन," ते म्हणाले. त्यांचा अजून विश्वास बसत नव्हता.

"तेव्हाही आत ती जळतच होती, काका," मदिहा दारातून म्हणाली, आणि तिनं ओढणीनं डोळे पुसले.

ऑपरेशनच्या आधी आठवडाभर तिनं पथ्य सैल केलं. शरीराला ताकद लागते म्हणून थोडं थोडं धान्य सुरू केलं. नागपुरात ज्या खोलीत आम्ही उतरलो होतो तिथे आत्याबाईंनी स्टोव्हवर ज्वारीची भाकर टाकली आणि अर्धी मोडून लेकाच्या ताटात ठेवली. नऊ आठवड्यांनी. दयारामांनी एक तुकडा तोंडात घातला आणि चावतच राहिले. "भाकर गोड लागते बे," असं स्वतःशीच म्हणाले.

पैशाचं कसं जमलं ते सांगत बसत नाही. गावानं, आचाऱ्यांनी, दोन-तीन संस्थांनी उचललं, मला त्या सगळ्यांची नावंसुद्धा माहीत नाहीत. ज्यांची माहीत आहेत त्यांच्या घरी मी जाऊन आले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन झालं. सकाळी आम्हा दोघांना एकदमच न्यायला आले. आत्याबाई दोन्ही स्ट्रेचरच्या मध्ये उभ्या होत्या. एक हात लेकाच्या डोक्यावर आणि एक माझ्या. कोणाच्या डोक्यावरचा आधी काढायचा हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी दोन्ही एकदमच सुटले.

मी शुद्धीवर आले तेव्हा बोलता येत नव्हतं. नर्सला हातानंच खूण करून विचारलं. "काका चांगले आहेत," ती म्हणाली. पाचव्या दिवशी काचेपलीकडे ते आले. एका हातानं पोट धरलेलं, दुसऱ्या हातात नळीची पिशवी, वाकून चालत. केवढे बारीक दिसत होते. त्यांनी बोटानं माझ्या डोळ्यांकडे खूण केली आणि काहीतरी बोलले. काचेतून ऐकू आलं नाही. नर्सनं आत येऊन सांगितलं, "ते म्हणत आहेत, डोळे पांढरे झाले."

नंतर घरी आल्यावर एकदा मी त्यांचे आभार मानायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "गप बस. वाढप्याचे कोनी आभार मानते काय?" मी म्हटलं, मी मानते. ते उठून बाहेर गेले.

आता दीड वर्ष झालं. मी रोज गोळ्या घेते, अंगणवाडीत जाते. त्यांचं वजन पुन्हा सत्त्याण्णव झालंय. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोक मला विचारतात, की दयाराम इतके झटपट कसे बारीक झाले, आम्हालाही ते पथ्य सांगा. मी सांगते, डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नका, आणि उतरलेलं तसंच राहतं असं समजू नका. मदिहानं आता त्यांना कायमचं साधं जेवण बसवून दिलंय. भाकर आहे, पण मोजून. कधी पाळतात, कधी नाही. आत्याबाई पुन्हा त्यांच्यासमोर पाट टाकून बसायची धमकी देतात.

गेल्या डिसेंबरात खामगावला मदिहाचं लग्न झालं. शाकाहारी पाहुण्यांचा स्वयंपाक तिनं दयारामांना सांगितला होता. ते आणि किसनराव आदल्या दिवसापासूनच तिथे होते. मी लग्नाच्या दिवशी काजलला घेऊन गेले. मदिहा नटून बसली होती, तरी मला पाहून आधी तिनं माझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली. मग तिनं मला तिच्या आईशेजारी बसवलं.

तिची आई, नूरजहांबाई, शांत बाई. मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, तुमच्या लेकीमुळे मी आज इथे बसले आहे.

"म्हणजे तू नांदुऱ्याच्या आचाऱ्यांची?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. मग त्यांनी सांगितलं की त्या वर्षी मार्चमध्ये मदिहानं नागपूरहून फोन करून म्हटलं होतं, अम्मी, एक नांदुऱ्याचे आचारी आहेत, त्यांच्यासाठी दुआ कर, त्यांच्याकडे वेळ कमी आहे. पेशंटचं नाव सांगायचं नसतं म्हणून तिनं नाव सांगितलं नाही. नूरजहांबाई नऊ आठवडे रोज पाच वेळा नमाजनंतर तेवढंच म्हणत आल्या होत्या, नांदुऱ्याचे आचारी. "अल्लाह तर जाणतोच," त्या म्हणाल्या, "पण मला नाव माहीत नव्हतं."

मांडवाच्या मागच्या बाजूला दयाराम परातीवर वाकून उभे होते. मी काजलला त्यांना बोलवायला पाठवलं. ते खांद्यावरच्या पंच्याला हात पुसत आले आणि परक्या बायकांमध्ये यावं की नाही म्हणून जरा लांबच थांबले.

"या ना इकडे," मी म्हटलं. आणि मग नूरजहांबाईंना त्यांचं नाव सांगितलं.